फुललेली झाडे आणि मोजलेल्या प्रती

रंगचित्राची प्रत एकच असते. ग्रंथाच्या प्रती मागणीप्रमाणे कितीही निघू शकतात. मुद्राचित्राचे स्थान या दोहोंच्या मधले आहे. कलावंताने कोरलेल्या ठशावरून निघालेली प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच मानली जाते, कारण तिच्यामागे निराळे असे मूळ चित्र नसते. म्हणून किती प्रती काढावयाच्या, हा येथे केवळ व्यवहाराचा प्रश्न राहत नाही. प्रतींची संख्या आधी ठरवून तिच्यापलीकडे न जाण्याची हमी दिली, की तिला मर्यादित आवृत्ती म्हणतात. ही मर्यादा कोणी घातली व कशासाठी घातली, हे समजल्याखेरीज संग्राहकाला आपण नेमके काय विकत घेतले ते कळत नाही. बहरलेल्या झाडांची मुद्राचित्रे या दृष्टीने फार उद्बोधक आहेत.

जपानमध्ये या विषयाची परंपरा जुनी आहे. हिरोशिगे याने १८५७ मध्ये काढलेले कामेइदो येथील उमेच्या बागेचे चित्र सर्वपरिचित आहे. उमे हे प्लमच्या कुळातील झाड. व्हिन्सेंट व्हान गॉग याने १८८७ मध्ये या चित्राची तैलरंगात प्रतिकृती केली. हिरोशिगेच्या काळी चित्रकार, कोरक्या, छापणारा आणि प्रकाशक हे चौघे वेगवेगळे असत, आणि प्रतींवर क्रमांक नसे. मागणी असेपर्यंत छपाई चाले. ठसा झिजे, रेषा जाड होत व तुटत. मर्यादा होती ती लाकडाच्या टिकाऊपणाची आणि गिऱ्हाइकाच्या आवडीची. म्हणूनच अशा चित्रांत आरंभीच्या प्रती अधिक मोलाच्या ठरतात.

हिरोशी योशिदा याने १९३५ मध्ये चेरीच्या बहराची मालिका प्रसिद्ध केली. त्याच्या बहुतेक चित्रांवरही संख्या नसते. परंतु स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींवर तो ‘जिझुरी’ हा शिक्का उमटवीत असे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच ठशांवरून निघालेल्या प्रतींवर हा शिक्का नाही. येथे हमी दिली आहे ती संख्येची नव्हे, हाताची व नजरेची.

संख्येची हमी रुजली ती दुसऱ्या प्रवाहात. कानाए यामामोतो याने १९०४ मध्ये एका कोळ्याचे चित्र स्वतःच रेखाटून, कोरून व छापून तयार केले. ‘सर्जक मुद्राचित्र’ या चळवळीचा आरंभ तेथून मानतात. सर्व काम एकाच हाताने व्हावयाचे, तर प्रती थोड्याच निघणार. अशा परंपरेत पुढे जोइची होशी याने आयुष्याच्या अखेरच्या पर्वात झाड हाच आपला विषय केला. १९७९ मध्ये तो निवर्तला. १९४७ मध्ये जन्मलेला हाजिमे नामिकी याचीही वृक्षचित्रे, विशेषतः लोंबत्या फांद्यांची चेरी, संग्राहकांना प्रिय आहेत. समासात शिसपेनीने सही आणि अपूर्णांकासारखा क्रमांक असतो. १२/१०० याचा अर्थ शंभर प्रतींपैकी बारावी. मात्र क्रमांक हा छपाईचा क्रम असेलच असे नाही. त्यामुळे लहान क्रमांकासाठी अधिक किंमत मोजण्यास सबळ कारण नसते. आवृत्तीबाहेर काही प्रती कलावंत स्वतःसाठी राखून ठेवतो, हेही ध्यानात घ्यावे.

याच्या अगदी उलट उदाहरण इंग्रज कलावंत डेमियन हर्स्ट याचे. चेरीच्या बहराची १०७ रंगचित्रे त्याने पूर्ण केली, आणि २०२१ मध्ये त्याच विषयावरील आठ छापील चित्रे ‘सद्गुण’ या नावाने विक्रीस आली. न्याय, धैर्य, दया अशी त्यांची शीर्षके सामुराईंच्या आचारधर्मातून घेतलेली आहेत. प्रत्येक प्रतीची किंमत ३,००० डॉलर होती. प्रतींची संख्या आधी ठरविलेली नव्हती. २५ फेब्रुवारी ते ३ मार्च या मुदतीत जितक्यांनी मागणी केली तितक्या प्रती काढण्यात आल्या. एकूण ७,४८१ प्रती खपल्या, म्हणजे सुमारे २ कोटी २४ लाख डॉलर. आवृत्ती मर्यादित खरी, पण ती मर्यादा हाताने घातली नाही, ठशाने घातली नाही; ती दिनदर्शिकेने घातली. शिवाय ही यंत्राने काढलेली शाईफवाऱ्याची छपाई आहे, कोरलेल्या ठशाची नव्हे. यात फसवणूक नाही, कारण अटी आधीच जाहीर होत्या. परंतु दुर्मिळतेच्या आशेने घेणाऱ्याने हजारो जोडीदार आपल्यासोबत आहेत हे विसरू नये.

तेव्हा संग्राहकाने प्रथम छपाईची रीत, मग आवृत्तीची संख्या, आणि त्यानंतर समास, कागद व रंग यांची स्थिती पाहावी. फुलांचे फिके गुलाबी रंग उजेडाने लवकर विटण्याचा संभव असतो. चौकटीत आम्लरहित पुठ्ठा व अतिनील किरण अडविणारी काच वापरावी, उन्हाची भिंत टाळावी. समास कापून चौकटीत बसविलेले चित्र आपली साक्षच गमावून बसते.

चेरीचा पूर्ण बहर साधारण आठवडाभरच टिकतो. ही मर्यादा निसर्गाची आहे, तिला कोणाच्या सहीची गरज नाही. कागदावरील बहराची मर्यादा मात्र मनुष्याने दिलेला शब्द आहे. शब्दाचे मोल तो देणाऱ्यावर अवलंबून असते. आवृत्तीतील आकडा वाचावा तो याच जाणिवेने. आणि आकडा झाकला तरी ज्या चित्रापुढे पाऊल थबकते, तेच घरी आणावे.