हाताला उमगलेले वहीत उतरावे

सायकलची दोन चाके एकाच आसावर बसवून जोरात फिरवावीत आणि आस दोन्ही हातांत धरून तिरका करू पाहावा. तो सरळ वळत नाही, भलत्याच बाजूला ओढ घेतो आणि मनगटांना ताण बसतो. पुस्तकातला कोनीय संवेग तो हाच. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आस हातात धरलेले विद्यार्थी नंतरच्या चाचणीत नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. उत्तरे देताना त्यांच्या मेंदूतली स्पर्श आणि हालचालींची केंद्रे अधिक जागी होती.

मग अनुभव मिळाला की शिक्षण आपोआप झाले, असे समजावे का? नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात झालेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलाला दहा नगांची किंमत विचारली गेली. एक नग ३५ चा. त्याने तीन नगांचे १०५ धरले, आणखी तीन मिळवून २१०, पुन्हा तीन मिळवून ३१५ आणि शेवटी ३५० सांगितले. पुढे शून्य लावायची शाळेतली युक्ती त्याने वापरलीच नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. किचकट व्यवहार तोंडी चुटकीसरशी करणारी ही मुले वहीतल्या साध्या भागाकारापाशी अडखळत होती, तर शाळेत जाणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडत होती. शिवाय अनुभव फसवतोही: जड दगड आधी पडतो, असे हातालाच वाटते. म्हणून कृतीइतकीच मोजणी, नोंद आणि सूत्र यांची गरज आहे. कृतीशी यांची सांधेजोड हेच शिक्षकाचे खरे काम.

ही सांधेजोड डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढून करून दाखवली. त्यातून शाळांसाठी घडलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस जोडकाम, शेती, ऊर्जा, आरोग्य अशी कामे करतात आणि गावाच्या उपयोगी पडतात. गावाला द्यायची वस्तू चुकीच्या मापाची चालत नाही. तिथे पास-नापास गिऱ्हाईक ठरवते. यावर एक आक्षेप गंभीर आहे: गरिबांच्या मुलांना हातकाम आणि बाकीच्यांना पुस्तके, अशी वाटणी यातून पक्की होईल. ही भीती खरी आहे, बाजारातल्या बालमजुरीचे कौतुक तर मुळीच करू नये. पण त्यावरचा उपाय म्हणजे हातकाम सर्वांनाच देणे. शहरातल्या महागड्या शाळांनाही त्यातून सूट नको. अभ्यासक्रम मागे पडेल, ही तक्रार मात्र पटत नाही. दोरीला गाठी मारून गावातल्या विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजली, आलेख काढला आणि तो ग्रामसभेत मांडला, तर गणित, भूगोल आणि भाषा यांचे तास वाया कसे गेले? मुख्याध्यापकांनी येत्या सत्रात एवढी एक नोंदवही तरी सुरू करावी, आणि पालकांनी ती मागून पाहावी.