कोरड्या बीडमध्ये कांद्यावर करपा कसा?

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा बीड जिल्हा दुष्काळासाठी ओळखला जातो. बुरशीला तर वाढायला ओलावा हवा. मग आष्टी-पाटोद्याकडच्या रब्बी कांद्याची पात पाऊस नसतानाही करप्याने का वाळते? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तर शोधायला प्रयोगशाळेची गरज नाही.

कांद्याची ताजी पात घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब गोल होऊन घरंगळतो. आता तोच भाग बोटाने हलकेच चोळून पुन्हा थेंब सोडा. या वेळी तो पसरतो आणि तेथेच टिकतो. चोळल्यामुळे पातीवरचा पांढुरका मेणाचा थर पुसला गेला. हा थर म्हणजे कांद्याचे कवचच.

बुरशीचे बीजाणू वाऱ्याबरोबर पातीवर येतात. ते रुजण्यासाठी पातीवर काही तास ओल टिकावी लागते. ती पावसाचीच हवी असे नाही. रात्रीचे दव, धुके किंवा संध्याकाळी चालवलेले तुषार सिंचनही पुरते. त्यात कोरड्या हवेत फुलकिडे वाढतात. ते पात खरवडून रस शोषतात आणि जखमांतून बुरशीला वाट मिळते. म्हणजे कोरडी हवाही करप्याला आडवाटेने मदतच करते!

करप्याचे प्रकार मुख्यतः तीन. जांभळ्या करप्यात (अल्टरनेरिया पोरी) खोलगट पांढुरके डाग पडून मध्यभाग जांभळा होतो व त्यात वर्तुळे दिसतात. तपकिरी करपा (स्टेम्फिलियम व्हेसिकॅरियम) रब्बीत अधिक. त्यात पिवळसर-तपकिरी लांबट चट्टे वाढत जाऊन पात शेंड्याकडे जळाल्यासारखी होते. काळा करपा (कोलेटोट्रिकम) खरिपातला. त्यात डागांवर बारीक काळे ठिपके येतात आणि पाती व मान पिळवटतात. पात कांद्याला अन्न पुरवते. ती अकाली वाळली की कांदा लहान राहतो, आणि शेतकऱ्याच्या हाती येणारे पैसेही घटतात.

एवढे समजले की उपाय आपोआप सुचतात. गादीवाफ्यावर लागवड करून ठिबकने पाणी दिल्यास पात कोरडी राहते. तुषार असल्यास ते सकाळी चालवावेत, म्हणजे पात उन्हाने सुकते. दाट लागवड व उशिरा दिलेला जादा युरिया टाळावा. रोगट पाती गोळा करून नष्ट कराव्यात आणि त्याच शेतात दोन-तीन वर्षे कांदा-लसूण घेऊ नये. फुलकिड्यांचा बंदोबस्त वेळीच करावा.

मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य बुरशीनाशक (१० लिटर पाण्यात २५ ग्रॅम) पातीच्या पृष्ठभागावर राहून बीजाणू रुजू देत नाही. वाळलेली पात ते हिरवी करू शकत नाही. म्हणून फवारणी डाग पसरण्याआधी हवी. टेब्युकोनॅझोलसारखी आंतरप्रवाही औषधे आलटून-पालटून वापरावीत. एकच औषध सतत मारल्यास त्याला दाद न देणारी बुरशी शिल्लक राहून वाढते.

आता शेवटचा प्रयोग. न चोळलेल्या पातीवर साबण मिसळलेल्या पाण्याचा थेंब सोडा. तो घरंगळत नाही, पसरतो. औषधात चिकटद्रव्य का मिसळतात, याचे उत्तर मुले स्वतःच देतील. (फवारणीत मात्र साबण घालू नये, त्यासाठीचे चिकटद्रव्यच वापरावे.)

हिवाळ्यात मुलांना एक काम द्यावे: शेतातल्या पातीवरचे दव सकाळी किती वाजता सुकते, याची रोज नोंद ठेवणे. दव उशिरापर्यंत टिकू लागले, की घरच्यांना सावध करण्याची वेळ आली असे समजावे.