काजूच्या टरफलातून जनुकांपर्यंत

कोकणात किंवा गोव्यात काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या बायकांची बोटं काळवंडलेली असतात. काजूच्या टरफलात दाट, तपकिरी तेल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात. म्हणून कामाला बसण्याआधी हाताला तेल चोपडायचं किंवा राख फासायची ही तिथली जुनी रीत. या तेलातला जहाल घटक म्हणजे अनाकार्डिक आम्ल. बी भाजली की उष्णतेनं त्याचं कार्डॅनॉल होतं, आणि मग ते तेल रंग, रेझिन, गाड्यांचे ब्रेक यांच्या कारखान्यांना विकलं जातं. माणसाच्या पोटात जाण्याशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता आणि जोडूही नये.

मात्र 2003 मध्ये हे आम्ल एका वेगळ्याच कारणानं चर्चेत आलं. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या तपस कुंडू यांच्या गटानं दाखवून दिलं की हे आम्ल आपल्या पेशींतल्या ‘पी-300’ नावाच्या एन्झाइमचं काम रोखतं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी दोन पदार्थ मांडले : कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल आणि हळदीतलं कर्क्युमिन. काजू, कोकम आणि हळद! सावंतवाडीच्या बाजारात एका फेरीत पिशवीत पडणाऱ्या या तीन वस्तू जनुकांच्या कारभारात लुडबुड करू शकतात, हे ऐकून कुणाचीही मान ताठ होईल. ती किती ताठ ठेवायची, हे ठरवायला थोडं पेशीच्या आत शिरावं लागेल.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसवलेला असतो. हे जमतं ते हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे. आठ हिस्टोनच्या गठ्ठ्याभोवती डीएनए रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. दोरा घट्ट असेल तर तिथलं जनुक वाचता येत नाही, सैल झाला की येतं. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्यात जनुकं तीच असतात. कुठली वाचायची आणि कुठली मिटून ठेवायची, एवढाच फरक असतो. जनुकांची अक्षरं न बदलता त्यांचं वाचन बदलणाऱ्या या व्यवस्थेचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स.

हिस्टोनवर अॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटला की डीएनएची पकड सैल होते. हे व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी 1964 मध्येच सुचवलं होतं. पी-300 हे असे गट चिकटवणारं एन्झाइम आहे, ते काढून टाकणारी एन्झाइमं वेगळी. या देवघेवीचा तोल गेला की आजारांना वाट मिळते. अनेक कर्करोगांत पेशीची वाढ आवरणारी जनुकं मिटलेली आणि वाढ भडकवणारी उघडी सापडतात. उलट बाजूही आहे. पी-300 किंवा त्याचा जवळचा नातलग सीबीपी यांच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली, तर रुबिनस्टाइन-टेबी नावाची व्याधी होते, मुलांची बौद्धिक वाढ खुंटते. म्हणजे हे एन्झाइम फार झालं तरी पंचाईत, कमी पडलं तरी पंचाईत. ‘पी-300 रोखणारा पदार्थ’ म्हणजे आपोआप चांगला पदार्थ, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हिस्टोन किंवा डीएनएवरच्या अशा खुणा बदलून रोग आटोक्यात आणणं ही कविकल्पना नव्हे. रक्त तयार होण्याच्या काही विकारांवरचं अॅझासिटिडिन 2004 मध्ये आणि त्वचेच्या एका लिम्फोमावरचं व्होरिनोस्टॅट 2006 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. दोन्ही औषधं याच वाटेनं काम करतात. प्रश्न एवढाच की वनस्पतींतले पदार्थ त्या वाटेवर कुठवर पोचले?

आधी कोकम. रातांबे उतरवायचे, सालं काढायची, रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी आमसुलं ज्या घरात होतात तिथे लाल रंगच डोळ्यांपुढे असतो. तो लाल रंग अँथोसायनिनचा. गार्सिनॉल पिवळं असतं, वाळलेल्या सालीत दोन-तीन टक्के, आणि पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे कोकम सरबतात लाल रंग उतरतो, गार्सिनॉल बहुतेक सालीतच राहतं. बंगळुरूच्या प्रयोगांत शुद्ध गार्सिनॉल वापरलं होतं. 7 मायक्रोमोलर एवढ्या प्रमाणात ते पी-300 चं काम निम्म्यावर आणतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेला या कर्करोगपेशींत त्यानं असंख्य जनुकांचं वाचन बदललं, बहुतेकांचं मंदावलं, आणि पेशी मरू लागल्या.

वर्तमानपत्री मथळा इथेच तयार होतो. वैज्ञानिकांची डोकेदुखीही इथेच सुरू होते, कारण गार्सिनॉल एकट्या पी-300 ला धरत नाही, त्याच कामाची दुसरी एन्झाइमंही धरतं, आणि पेशींना विषारी ठरतं. कुंडूंच्या गटानं मग त्याच्या रेणूत फेरफार करून ‘एलटीके-14’ नावाचा पदार्थ बनवला. तो फक्त पी-300 ला रोखतो, टी-पेशींना मारत नाही, आणि 2007 च्या निबंधानुसार पेशींमधल्या एचआयव्हीची वाढ दाबतो. हा विषाणू स्वतःचा मजकूर आपल्या डीएनएत खुपसतो, त्यामुळे तोही आपल्याच हिस्टोनवर अवलंबून असतो. कोकमानं नमुना पुरवला, काम माणसानं घडवलेल्या रेणूनं केलं.

काजूची गोष्ट मला याहून रंजक वाटते. अनाकार्डिक आम्ल पी-300 ला रोखतं, पण त्याच रेणूत बदल करून बनवलेला एक पदार्थ नेमकं उलट करतो, पी-300 ला चालना देतो. अडचण अशी की तो पेशीत सहज शिरत नव्हता. त्याच घराण्यातला ‘टीटीके-21’ हा रेणू ग्लुकोजपासून बनवलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म गोळ्यांवर बसवला, तेव्हा तो उंदरांच्या मेंदूपर्यंत पोचला. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या संशोधकांसोबत केलेल्या 2013 च्या त्या कामात उंदरांची आठवण जास्त काळ टिकलेली दिसली. पुढे 2019 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटानं मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांवर हाच रेणू वापरला आणि चेतातंतूंची वाढ व हालचाल सुधारल्याचं नोंदवलं. टरफलाचं तेल चाखून स्मरणशक्ती वाढवायला कुणी निघू नये, तोंड भाजेल. मूळ आम्लाचं काम तर उलटच आहे.

आता हळद. कर्क्युमिनला पी-300 निम्म्यावर आणायला सुमारे 25 मायक्रोमोलर लागतं. तैवानमधल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना रोज आठ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते जेमतेम पावणेदोन मायक्रोमोलरपर्यंत चढलं. हळदीत कर्क्युमिन असतं तीनेक टक्के. म्हणजे आठ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल, आणि तरीही गरजेच्या दशांशापर्यंतही पोचणार नाही. आतडं आणि यकृत कर्क्युमिनला टिकूच देत नाहीत. 2017 मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं तोवरच्या कामाचा आढावा घेतला. माणसांवर शंभराहून अधिक चाचण्या झालेल्या, पण औषध नसलेल्या नाटकी गोळीशी तुलना करणाऱ्या काटेकोर चाचणीत निर्विवाद यश एकदाही नाही. शिवाय कर्क्युमिन अस्थिर आहे, प्रयोगाच्या नळीत ते स्वतःच चकाकतं आणि चाचणीला फसवतं.

इथे आपल्याकडचा माणूस हमखास पेटंटची लढाई काढतो. ती खरी आहे आणि अभिमानाचीही. अमेरिकेत 1995 मध्ये दिलेलं हळदीचं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं 1997 मध्ये रद्द करवलं. पण ते पेटंट जखम भरून येण्याबद्दल होतं, आणि हा उपयोग आपल्याकडे जुनाच आहे एवढंच त्या लढाईत सिद्ध झालं. हळदीच्या कॅप्सूल विकणाऱ्यांनी त्या विजयाचा आधार घेणं हा निव्वळ चावटपणा आहे.

शिवाय या कॅप्सूल निरुपद्रवीही नाहीत. कर्क्युमिन रक्तात टिकावं म्हणून त्यात मिऱ्यातलं पिपरीन घालतात. बंगळुरूच्याच 1998 च्या अभ्यासात त्यामुळे कर्क्युमिन वीसपट जास्त मिळालं होतं. पण पिपरीन हे साधतं ते यकृताची सफाईयंत्रणा मंद करून, आणि ती यंत्रणा इतर औषधंही हाताळत असते. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या घटना पुढे आल्या. अमेरिकेतही यकृताच्या इजेचे असे रुग्ण नोंदले गेले, त्यांतला एक दगावला. आमटीतल्या चिमूटभर हळदीला यातलं काही लागू नाही. कोकमाच्या ‘गार्सिनिया’ कुळातल्या आम्लाची ‘चरबी जाळणारी’ म्हणून जी जाहिरात होते, ती तर 1998 मध्येच 135 जणांवरच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत फोल ठरली.

वनस्पतीतून औषध होतच नाही असं नाही. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. हा पदार्थ 1966 मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळा काढला, भारतीय शास्त्रज्ञांना तो 1972 मध्ये नरक्यात सापडला. मूळ रूपात तो फार विषारी म्हणून मागे पडला, आणि त्याच्यापासून बनवलेली कर्करोगाची औषधं अमेरिकेत मान्य झाली 1996 मध्ये. तीस वर्षं लागली, आणि तीही रेणू बदलल्यावर.

सगळ्या पदार्थांत गरजेच्या प्रमाणापर्यंत खरोखर पोचणारा एक आहे, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी, डाळी, भाज्या यांतला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात गेला की तिथले जिवाणू त्यापासून ब्युटिरेट बनवतात. ब्युटिरेट हिस्टोनवरचे अॅसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमला रोखतं, हे 1970 च्या दशकापासून ठाऊक आहे. आतड्यात त्याचं प्रमाण मायक्रोमोलरमध्ये नव्हे, त्याच्या हजारपट मोठ्या मिलिमोलरमध्ये मोजतात. चोथा जास्त खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळतो, त्यामागच्या कारणांपैकी हे एक असावं असं मानलं जातं.

तेव्हा सोलकढी प्या, कारण ती चवदार असते. घरात कुणी हळदीच्या किंवा ‘गार्सिनिया’च्या गोळ्या घेत असेल, आणि सोबत रक्त पातळ करण्याचं, साखरेचं किंवा फिटचं औषध चालू असेल, तर पुढच्या भेटीत ती बाटली डॉक्टरांना दाखवा.