खेळाचे शुद्धिपत्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. चकलीचा शेवटचा घाणा उतरवून सौ. नुकत्याच टेकल्या होत्या आणि आमचे चिरंजीव संगणकासमोर मारिओ खेळत बसले होते. बारावीचे वर्ष! मी पडलो मास्तर. पुढचे व्याख्यान तोंडून आपोआप बाहेर पडले.

ते संपल्यावर चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, मी खेळत नाहीये. लिहितोय."

मराठीच्या प्राध्यापकाला गप्प करायला हे एक क्रियापद पुरेसे होते. खुर्ची ओढून मी शेजारी बसलो.

तो 'सुपर मारिओ वर्ल्ड' होता. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९९० साली काढलेला. आमच्या पिढीने टीव्हीला जोडलेल्या 'कॅसेट'मधून ज्या मिशीवाल्या मारिओला उड्या मारायला लावल्या, त्याचाच हा पुढच्या यंत्रावरचा अवतार. चिरंजीवांनी त्यात एक नवा टप्पा रचला होता. ठोकळे, कासवे, नळ सारे मूळचेच. मांडणी मात्र त्यांची. अशा फेरबदलांना 'मॉड' म्हणतात आणि ते करणाऱ्या हौशी मंडळींचा गोतावळा जगभर पसरला आहे.

मला नवल वाटले. दरवर्षी ढिगाने खेळ निघतात आणि विसरले जातात. मग तिसाहून अधिक वर्षांपूर्वीच्या या खेळाभोवती माणसे अजून का जमतात?

पहिले उत्तर माझ्याच विषयात सापडले. या खेळाचे व्याकरण लहान आहे. सारा खेळ ५१२ किलोबाइटांत मावला होता. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही याहून मोठा असतो. धावणे, उडी, ठोकळा, कासव, खड्डा, एवढीच काय ती वर्णमाला. पण तेवढ्यातून वाक्ये मात्र न संपणारी! भव्य खेळात एकेक देखावा उभारायला कलावंतांची पलटण लागते; इथे एकटा मुलगा सुट्टीत टप्पा पुरा करतो.

दुसरे उत्तर हत्याराचे. २००० साली एका हौशी प्रोग्रामरने 'लूनर मॅजिक' नावाचे साधन लोकांना फुकट दिले. ठोकळा माउसने उचलावा, हवा तिथे ठेवावा. गावात छापखाना आला की कवी वाढतात, तसेच झाले.

तिसरे उत्तर माणसाचे. २००७ साली एका जपानी गृहस्थाने केवळ आपल्या मित्राला छळावे म्हणून महाकठीण मारिओ रचला. उडी मारावी तर नेमका तिथे अदृश्य ठोकळा! मित्राच्या फजितीची चित्रफीत लोकांनी पाहिली आणि त्यातून 'काइझो' नावाचा एक प्रकारच रूढ झाला. काइझो म्हणजे फेरबदल.

आणि चौथे उत्तर मूळ कर्त्याच्या मौनाचे. शिगेसातो इतोई या जपानी लेखकाचा 'मदर ३' हा खेळ २००६ साली फक्त जपानीत निघाला. आधीचा भाग इंग्रजीत खेळलेले चाहते वाट पाहून थकले. अखेर क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक अनुवादकाने सोबत्यांना घेऊन सबंध खेळ इंग्रजीत आणला आणि २००८ च्या ऑक्टोबरात फुकट वाटला. नुसत्या भाषांतराने भागले नाही. जपानी अक्षरे सारख्या रुंदीच्या चौकटीत बसतात. रोमन 'आय' अरुंद, तर 'डब्ल्यू' ऐसपैस. त्यासाठी खेळाची अक्षरजुळणीच नव्याने करावी लागली. पुढे २०१३ साली मँडेलिनने आपले भाषांतर कंपनीला विनामूल्य देऊ केले. २०२४ साली खेळ जपानात नव्या यंत्रावर आला, तोही जपानीतच!

आता तुम्ही विचाराल, ही दुसऱ्याच्या मालावर डल्ला मारणे नव्हे काय? मीही विचारले. चिरंजीवांनी सांगितले की जाणते लोक मूळ खेळ वाटत नाहीत. वाटतात ती 'पॅच' नावाची लहानशी फाइल. अमुक जागी अमुक बदल, एवढेच तिच्यात असते. मी म्हटले, "अरे, हे तर आमचे शुद्धिपत्र!" पुस्तक ज्याचे त्याने आणावे, शुद्धिपत्र आम्ही देऊ. अर्थात कायद्याची टांगती तलवार राहतेच. २०१६ साली 'मेट्रॉइड २' हा जुना खेळ एका चाहत्याने काही वर्षे खपून नव्याने घडवला, तर प्रसिद्ध होताच निन्टेंडोच्या तक्रारीवरून तो काढावा लागला. मालकाचा हक्क मला मान्य आहे. तरी त्या चाहत्याची वर्षे आठवून जीव हळहळतो.

त्या रात्री झोप लागली नाही. अठरा वर्षे मी कादंबऱ्या शिकवतो आहे. "सर, हे प्रकरण मला अपुरे वाटले, म्हणून मीच लिहून आणले," असे एकही विद्यार्थी म्हणाला नाही. म्हणेल कसा? मी पुस्तक नेहमी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे दाखवले, हात न लावता. जिच्यात आपल्यासाठी काही काम उरले आहे, त्या वस्तूवरच माणूस जीव लावतो. एवढे साधे सूत्र मला मारिओने शिकवावे!

सकाळी मी विचारले, "टप्पा कुणासाठी रचलास रे?" त्याचा शाळेपासूनचा मित्र वडिलांच्या बदलीमुळे जूनमध्ये नागपूरला गेला होता. त्याला ही दिवाळीची भेट.

भाऊबीजेला दुपारी नागपूरहून फोन आला. मीच उचलला.

"काका, त्याला सांगा," पलीकडून आवाज आला, "तिसऱ्या खड्ड्यात सतरा वेळा मेलो. आता माझा टप्पा येतोय!"

व्याख्यान द्यायचे मी त्या दिवशी विसरलो.