गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख लांब आहे? तोवर बसून राहू नका!

टेंभुर्णी : सांधा बदलायचं ठरलं की घरचे म्हणतात, "आई, आता हलू नको, बसूनच राहा." इथंच चुकतं. बसून राहिलं की मांडीचा स्नायू कमजोर होतो आणि ऑपरेशननंतर उभं राहणं जड जातं.

डॉक्टरांना विचारून हा सोपा व्यायाम करा : कॉटवर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघा खाली दाबा, ५ आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. चालताना काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.

घरच्यांनी वेळ ठरवून द्यावी. चहाआधी व्यायाम, मग चहा. स्वतः शेजारी बसून आकडे मोजावेत. थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशीही जास्त दुखलं तर व्यायाम कमी करा. पोटरी सुजून दुखायला लागली तर लगेच दवाखाना गाठा.