देवमासा, बिबट्या आणि संघर्षाची नीती

कायदा डोळ्यांदेखत मोडला जात असेल, किंवा ज्यांनी तो राबवावयाचा तेच हात बांधून बसले असतील, तर सामान्य नागरिकाने काय करावे? प्रश्न जुना आहे. २१ जुलै २०२४ रोजी ग्रीनलँडमधील नूक बंदरात पॉल वॉटसन या वयोवृद्ध कार्यकर्त्यास जपानच्या मागणीवरून अटक झाली, तेव्हा तो युरोपात पुन्हा विचारला गेला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे संतप्त जमावाने वनखात्याचे वाहन पेटवून दिले, तेव्हा तो आपल्या पुणे जिल्ह्यात विचारला गेला. वॉटसन देवमाशाला माणसापासून वाचविण्यासाठी झगडत होता. पिंपरखेडचा जमाव माणसाला बिबट्यापासून वाचवा, असा आक्रोश करीत होता. दिशा परस्परविरुद्ध, परंतु साधन एकच : अर्जविनंत्या बाजूला सारून केलेला प्रत्यक्ष संघर्ष. या साधनाला काही नीती असेल, तर ती दोन्ही ठिकाणी सारखीच लागू पडली पाहिजे. आपल्याला प्रिय असलेल्या पक्षाला एक माप आणि नावडत्या पक्षाला दुसरे, असे नीतीत चालत नाही.

भर समुद्रातील लढा

विसाव्या शतकात जगातील समुद्रांत सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. वाफेची जहाजे, स्फोटक भाला फेकणारी तोफ आणि समुद्रातच तेल काढणारे तरंगते कारखाने यांच्यापुढे या महाकाय प्राण्याचा टिकाव लागणे शक्य नव्हते. १९४६ च्या करारान्वये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने प्रारंभी ही शिकार थांबविण्याऐवजी तिची वाटणीच केली. अखेर १९८२ मध्ये व्यापारी शिकार स्थगित करण्याचा ठराव झाला आणि १९८६ पासून तो अमलात आला. परंतु नॉर्वेने हरकत नोंदवून १९९३ पासून शिकार पुन्हा सुरू केली. आणि जपानने शास्त्रीय संशोधनासाठी असलेल्या सवलतीच्या आडून दक्षिण ध्रुवाजवळील समुद्रात देवमासे मारणे चालू ठेवले. त्या ‘संशोधना’चे मांस बाजारात विकले जात होते.

या पळवाटेवर काही मंडळी तुटून पडली. १९७५ मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी पॅसिफिक महासागरात सोव्हिएट शिकारी जहाज आणि देवमासा यांच्या मध्ये आपल्या रबरी होड्या घातल्या. आपला देह आड घालावा आणि मारणाऱ्याच्या विवेकाला आव्हान द्यावे, ही त्यामागील कल्पना. वॉटसनला ती अपुरी वाटली. त्याने १९७७ मध्ये त्या संघटनेतून बाहेर पडून आपला वेगळा मार्ग धरला. १९७९ मध्ये त्याच्या जहाजाने पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ ‘सिएरा’ या शिकारी जहाजास जाणूनबुजून धडक दिली. १९८६ च्या नोव्हेंबरात त्याच्या दोघा साथीदारांनी आइसलँडच्या रेक्याविक बंदरात दोन शिकारी जहाजे बुडविली. पुढे दक्षिण समुद्रात जपानी जहाजांवर कुजक्या आम्लाच्या बाटल्या फेकणे, त्यांच्या पंख्यांत दोरखंड अडकविणे, असे प्रकार वर्षानुवर्षे चालले. २०१० च्या जानेवारीत ‘एडी गिल’ ही या पक्षाची वेगवान नौका जपानी जहाजाशी टक्कर होऊन निकामी झाली आणि बुडाली. त्या गोठलेल्या पाण्यात कोणाचा प्राण गेला नाही, हे केवळ दैव.

न्यायसंस्थेने या झगड्याकडे कसे पाहिले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने या कार्यकर्त्यांची संभावना ‘समुद्री चाचे’ अशी केली. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च २०१४ रोजी, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑस्ट्रेलियाच्या फिर्यादीवर निकाल दिला, की जपानचा दक्षिण समुद्रातील कार्यक्रम शास्त्रीय संशोधनाच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे गाऱ्हाणे खरे होते आणि ते मांडण्याची रीत बेकायदा होती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात, हे ज्यांना उमगत नाही त्यांच्याशी या विषयावर वाद घालणे व्यर्थ आहे. वॉटसनला पाच महिने डांबून ठेवल्यानंतर १७ डिसेंबर २०२४ रोजी डेन्मार्कने त्यास जपानच्या हवाली करण्याचे नाकारले आणि मुक्त केले. जपान मात्र २०१९ मध्येच आयोगातून बाहेर पडला असून स्वतःच्या सागरी हद्दीत उघडपणे व्यापारी शिकार करीत आहे.

मुळशीची कसोटी

हा वाद आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. शंभर वर्षांपूर्वी याच पुणे जिल्ह्यात तो होऊन गेला आहे. मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशी पेट्यातील मावळ्यांची भातखाचरे टाटा कंपनीच्या धरणाखाली बुडणार होती. १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह सुरू झाला; तो मोडला, फंदफितुरीने पोखरला गेला. तेव्हा पारनेरचे पांडुरंग महादेव बापट यांनी १९२४ च्या डिसेंबरात हाती शस्त्र घेऊन धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली. त्यांच्या ‘शुद्ध सत्याग्रहा’त हेतूच्या शुद्धतेला जेवढे स्थान होते, तेवढे अहिंसेच्या बंधनाला नव्हते, आणि गांधीजींच्या चौकटीत ते बसणारे नव्हते. परंतु सेनापतींनी केलेले कृत्य नाकारले नाही. सात वर्षांची शिक्षा त्यांनी ताठ मानेने स्वीकारली.

धरण झालेच. तरीही शंभर वर्षांनंतर मुळशीचे नाव आदराने घेतले जाते, याचे कारण काय? शस्त्र हे कारण खास नव्हे. उघडपणा आणि शिक्षा भोगण्याची तयारी, हे ते कारण होय. यावरून प्रत्यक्ष संघर्षाच्या तीन अटी सांगता येतील. पहिली, वैध मार्ग खरोखर चोखाळून झालेले असावेत. दुसरी, कोणाच्याही जिवास, प्रतिपक्षाच्या जिवासही, धोका पोहोचता कामा नये. तिसरी, कृत्याची किंमत करणाऱ्याने स्वतः मोजावी. ती तिसऱ्याच दुबळ्या माणसावर लादू नये.

या अटी लावून पाहिल्यास १९७५ च्या रबरी होड्या तिन्ही कसोट्यांस उतरतात. रेक्याविकची जहाजे बुडविणारे रात्रीतून देश सोडून गेले, हे तिसऱ्या अटीत बसत नाही. वॉटसन १९८८ मध्ये स्वतः आइसलँडला जाऊन उभा राहिला आणि त्या सरकारने खटला न भरताच त्याची पाठवणी केली, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे. ‘सिएरा’स दिलेली धडक आणि दक्षिण समुद्रातील झटापटी दुसऱ्या अटीवर नापास होतात. खलाशी हा पगारी मजूर असतो. मालकाच्या पापासाठी त्याला बर्फाच्या पाण्यात लोटण्याचा अधिकार कोणत्याही सत्कार्याला मिळत नाही. बापटांची आगगाडीही दुसऱ्या अटीवर अडखळते, आणि सेनापतींविषयीच्या आदरापोटी आपण ते लपविता कामा नये.

ऊस, बिबट्या आणि रस्ता रोको

आता आपल्या शिवाराकडे वळू. नगर-कल्याण रस्त्यावरील पिंपरी पेंढार हे गाव काही जंगलात वसलेले नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर या टापूत ऊस उभा राहिला आणि त्या उसात बिबट्याची पिढीच्या पिढी जन्माला आली. त्याला कुत्री, शेळ्या, वासरे हे भक्ष्य आयते मिळते. आणि ऊसतोड सुरू झाली की निवारा हरवून तो वस्त्यांच्या अधिकच जवळ येतो. २०२४ या एका वर्षात याच गावाच्या शिवारात दोन स्त्रिया बिबट्याच्या हल्ल्यात प्राणांस मुकल्या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबुत भागात तीन आठवड्यांच्या आत एक लहान मुलगी, एक वृद्धा आणि एक तेरा वर्षांचा मुलगा असे तीन बळी गेले. वाहन जळाले ते तिसऱ्या बळीनंतर. दुसऱ्या दिवशी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग लोकांनी अडवून धरला.

या लोकांना रानटी म्हणणे सोपे आहे. शहरात बसून बिबट्याच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्यास आपले मूल अंगणात सोडताना दचकावे लागत नाही. वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा १९७२ मध्ये साऱ्या देशाने केला; त्याची किंमत मात्र जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या शेतकऱ्याने भरावी, अशी विभागणी झाली आहे. मुळशीच्या मावळ्याने मुंबईच्या दिव्यांसाठी जमीन दिली, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा महामार्ग अडविणे, लोकांची व सरकारची गैरसोय करणे, हे पहिल्या अटीत बसते असे मला वाटते. रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवली तर दुसऱ्या अटीतही. वाहन जाळणे मात्र कोणत्याच अटीत बसत नाही. ज्या वनरक्षकाने रात्री पिंजरा लावावयाचा, जखमीस दवाखान्यात पोहोचवावयाचे, त्याचेच साधन जाळून किंमत मोजावी लागते ती शेजारच्या वस्तीला.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. ‘वाहन जळाले म्हणून तर नेमबाज आले, बिबट्या मारला गेला, अर्जांनी काय झाले असते?’ हे खरे आहे, आणि त्याचा दोष प्रथम शासनाकडे जातो. कायद्याच्या ११ व्या कलमानुसार माणसाच्या जिवास धोकादायक ठरलेल्या प्राण्यास मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकास देता येते. जी परवानगी कायद्यात आहे ती आगीनंतरच मिळत असेल, तर आग लावण्याचे शिक्षण शासनच देत आहे.

परंतु संतापाने जे मिळते ते नेहमी हिताचे असतेच असे नाही. २००१ ते २००३ या काळात लोकांच्या रेट्याखाली जुन्नर वनविभागात चाळीसच्या आसपास बिबटे पकडले गेले आणि त्यांतील बहुतेक दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या साऱ्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की आधी वर्षाला सरासरी ४ असणारे माणसांवरील हल्ले या काळात १७ वर गेले होते. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते आणि माणसाच्या अधिक वाट्यास जाते. पिंजऱ्यातला बिबट्या पाहून गाव शांत झाले, धोका वाढला.

येथेच देवमासा आणि बिबट्या यांच्या प्रश्नांतील मुख्य भेद आहे. देवमाशासाठी माणसाने फक्त थांबावयाचे आहे. भाला फेकला नाही की काम झाले. एखादी गोष्ट थांबविण्यास संघर्ष हे उत्तम हत्यार आहे. जुन्नरच्या बिबट्याबाबत मात्र काही थांबवून भागणार नाही. वर्षानुवर्षे नेटाने काही करीत राहावे लागेल. शेतीपंपांना दिवसा वीज, वस्तीभोवती कुंपण व दिवे, गुरांना बंदिस्त गोठे, नरभक्षक ठरलेल्या जनावराबाबत विलंब न लावता निर्णय, पुरेसे वनकर्मचारी : ही कामे रस्ता अडवून सुरू करवता येतील, पण पार पाडता येणार नाहीत.

समुद्राकडूनच याचा एक धडा घेण्याजोगा आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर देवमुशी, म्हणजे तो महाकाय ठिपक्यांचा मासा, बेसुमार मारली जात होती. २००१ मध्ये तिला कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ पासून मोरारी बापूंनी ती माहेरी येणारी लेक आहे, हा विचार कोळ्यांच्या मनात रुजविला. आणि तिला सोडण्यासाठी कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली. महाराष्ट्रानेही २०१८ पासून संरक्षित सागरी जीव सोडणाऱ्या मच्छिमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देऊ केली आहे. ज्याच्या हाती जाळे, त्याच्या नुकसानीचा विचार आधी केला, म्हणून हे साधले.

शिक्षक, कारकून, विद्यार्थी या आपल्या वर्गाने यातून एवढे तरी घ्यावे. बिबट्या जगावा असे ज्यांना वाटते, त्यांनी पिंपरी पेंढारच्या शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी म्हणून त्याच्याबरोबर तहसील कचेरीसमोर बसावे. आणि रस्त्यावर उतरणाऱ्यांनी आपली नावे सांगून उतरावे, तोंड लपवून नव्हे. ज्या संघर्षात या दोन गोष्टी असतील, त्याला कायदा दोषी ठरवील कदाचित. पण समाजाला त्याची लाज वाटणार नाही.