औषध नेमके किती पोहोचले? मायक्रोडायलिसिसच्या नळीचा हिशेब

आपल्या हुबळी-धारवाडात फार्मसी कॉलेजे आहेत, मंडळातल्या काही घरांतली मुलेही तिथे शिकतात. त्यांच्या तोंडी 'मायक्रोडायलिसिस' हा शब्द आला की आपल्याला किडनीचे डायलिसिस आठवते. तत्त्व तेच, काम मात्र वेगळे.

रक्तातले औषध मोजणे सोपे. पण जंतू बसलेला असतो स्नायूत किंवा फुप्फुसात, आणि तिथे औषध किती पोहोचले हे रक्त सांगत नाही. म्हणून प्रयोगातल्या उंदराच्या त्या भागात एक बारीक नळी बसवतात. तिच्या टोकाला सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. आतून क्षाराचे पाणी मिनिटाला साधारण १ ते २ मायक्रोलिटर इतके सावकाश वाहते आणि बाहेरचे औषध पडद्यातून त्यात झिरपते. १९७० च्या दशकात स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतील उर्बान उंगरस्टेट यांनी ही पद्धत मेंदूच्या अभ्यासासाठी पुढे आणली.

खरी मेख अशी की बाहेर जितके औषध आहे, तितके आतल्या पाण्यात कधीच येत नाही. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीचेच बघा. पाणी थेंबथेंब उतरले तर डिकॉक्शन दाट, भरभर उतरले तर पातळ. इथेही वेग वाढला की प्रमाण घटते. फार हळू सोडावे, तर १ मायक्रोलिटरच्या वेगाने २० मायक्रोलिटर नमुना जमायलाच २० मिनिटे जातात, आणि तेवढ्यात शरीरातले प्रमाण बदललेले असते.

पडदा लांब असेल तर जास्त औषध आत येते. रेणू छिद्राहून मोठा असेल तर येतच नाही. तापमानाचाही फरक पडतो, म्हणून खोलीच्या थंडाव्यात घेतलेली चाचणी ३७ अंशांच्या शरीराला लावू नये. आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारी औषधे तर नळीच्या प्लॅस्टिकलाच चिकटून बसतात! हा तोटा सहसा लक्षात येत नाही.

समजा, नळी २० टक्केच औषध टिपते आणि यंत्र ४ आकडा दाखवते. मग खरे प्रमाण २०. ती टक्केवारी चुकली तर पुढचा डोसही चुकणार. बँकेत आम्ही ताळा घ्यायचो, तसाच इथेही घेतात. नळीतून ज्ञात प्रमाणाचे औषध आत सोडायचे आणि किती बाहेर गेले ते मोजायचे. याला रेट्रोडायलिसिस म्हणतात. काचेच्या भांड्यातला ताळा जिवंत स्नायूत जुळेलच असे नाही, म्हणून तो प्रत्येक प्राण्यात नव्याने घ्यावा लागतो.

एवढे करूनही नळीचा आकडा रक्ताच्या आकड्यापेक्षा कमी येऊ शकतो. तिथे नेहमी चूकच शोधू नये. रक्तातले काही औषध प्रथिनांना चिकटलेले असते, ते पडदा ओलांडत नाही. नळी मोजते ते फक्त मोकळे औषध, आणि जंतूवर काम करते तेही तेच.